केवड्याचं अत्तर

गाडी पाटाच्या पुलावरून आमच्या मळ्याकडं वळली, तशी मी ओट्यावरून हाक मारली, "वत्सला, गुलाबदाणी घे! आणि पदर नीट कर. पाहुणे मुंबईचे आहेत, तुझ्या माहेरचे नाहीत."

"माझ्या माहेरचे असते तर तुम्ही ओट्यावर तरी आला असता का, अक्का?" वत्सला आतून म्हणाली.

वत्सला माझी धाकटी जाऊ. जीभ तिलाही आहे, पण माझ्याइतकी धार नाही. तबक घेऊन ती आली. तबकात चांदीची गुलाबदाणी, अत्तराची कुपी आणि कापसाचा बोळा. अत्तर केवड्याचं. माझ्या मुलाला, संपतला, मुद्दाम नाशिकला पिटाळून आणवलेलं. दुकानदारानं दोन दाखवली, तर त्यातलं उंची ते आण, असं मी त्याला निघतानाच बजावलं होतं.

तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. सकाळची थंडी अजून उतरायची होती, छाटणी झालेल्या बागेत हिरवे घड वाटाण्याएवढे झाले होते. आमचं गाव दिंडोरीच्या पुढं, कादवेच्या काठाला. ह्या भागात द्राक्षं खाणारे सगळे आणि विकणारेही सगळे. पण घरच्या द्राक्षांची घरीच वाईन करणारी आमच्या गावात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला सून म्हणून आली होती.

तेजल तिचं नाव. कोल्हापूरकडची, रसायनाची पदवी घेतलेली. लग्नाआधी एका मोठ्या वाईनच्या कारखान्यात होती. लग्नानंतर तिनं आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या आणून बसवल्या. टाक्यांचा ट्रक दारात उभा राहिला त्या दिवशी सगळी वस्ती बघायला जमली होती. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, माझ्या बापाच्याही होती. मी सगळ्यांदेखत सुनेला सांगितलं, "घरात दारू करायची तर कर. माझा मुलगा तुझ्या बाजूचा आहे, मी एकटी काय करणार? पण तुझ्या बाटलीला माझा हात लागायचा नाही. लागला तर भागीरथी नाव लावणार नाही."

"दारू नाही हो आई, वाईन," ती म्हणाली.

"ट्रकला ट्रॅक्टर म्हटलं म्हणून तो नांगर ओढतो का?"

लोक हसले. ती पण हसली, हे मला फारसं आवडलं नाही. त्या दिवसापासून मी शेडचा उंबरा ओलांडला नाही.

पण त्या मार्गशीर्षातली गोष्ट वेगळी होती. तेजलला बंगळुरूकडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं होतं. राहायला घर, मुलीला शाळा, सगळं. तिनं मला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "आई, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांची माणसं चव घ्यायला येतायत. त्यांना पसंत पडली तर मी इथंच राहीन, वाढवीन. नाही पडली तर आम्ही तिघं जाऊ. उगाच अर्धवट लोंबकळत राहायचं नाही मला."

तिघं म्हणजे ती, संपत आणि माझी नात जुई. म्हणजे घरात उरणार मी, दोन म्हशी आणि भिंतीपलीकडून टोमणे मारायला वत्सला.

माझी अडचण साधी होती. मला दारू नको होती आणि सून हवी होती. ह्या दोन्हींचा मेळ कसा घालायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. शाळाच माझी दुसरीपर्यंत. पण पाहुणचार मला येतो. माझ्या दारातून पाहुणा नाराज गेलेला कुणी दाखवावा. म्हटलं, आत टाकीत काय असेल ते असो, बाहेरचं मी बघते. आल्या पावली माणसं खूश झाली की निम्मं काम झालं.

आदल्या दिवशी तेजलनं घरभर सूचना दिल्या होत्या. लसणाची फोडणी नको, फिनेल नको, उदबत्ती नको. शेवटचं ऐकून माझं डोकं सणकलं, कारण दुसऱ्या दिवशी एकादशी होती. "देवानं काय तुझ्या पाहुण्यांच्या नाकाची परवानगी घ्यायची?" मी म्हटलं. तरी लावली नाही. वास नको म्हणजे घाण वास नको, धूर नको, असं मी समजले. अत्तराचं ती काही बोलली नव्हती. अत्तर तिच्या डोक्यातच आलं नसणार.

गाडीतून दोघं उतरले. एक गुप्तेसाहेब, पांढऱ्या मिशांचे, कोट घातलेले. दुसऱ्या लोबोबाई, गोव्याच्या, केस कापलेले, मराठी अडखळत पण गोड बोलणाऱ्या. तेजल तेव्हा शेडमध्ये ग्लास पुसत होती. वत्सलानं पुढं होऊन गुलाबपाणी शिंपडलं, तेही कंजूषपणा न करता. साहेबांच्या कोटावर, बाईंच्या ओढणीवर. मग उजव्या हाताच्या पाठीवर अत्तराचा बोळा फिरवला.

"वा, वा! लग्नाला आल्यासारखं वाटतंय," गुप्तेसाहेब म्हणाले.

मी ओट्यावरून नमस्कार केला. वत्सलाचा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही. संपतला लावलं, ड्रायव्हरला लावलं, बागेतल्या गड्यांना बोलावून लावलं. तेजल पाहुण्यांना घ्यायला बाहेर आली तर तिचाही हात धरून, "ये गं, तू पण घे, आज तुझा दिवस," म्हणत बोळा फिरवला. तेजलनं हात मागं ओढला, पण तोवर लागलं होतं. पाहुण्यांसमोर ती काही बोलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं मात्र. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

ओट्यापुढं अंगणात टेबल टाकलं होतं. त्यावर पांढरी चादर, पातळ काचेचे पेले आणि तीन बाटल्या. टेबलाखाली आमचं जुनं पितळी तस्त. चुळा टाकायला तेजलनं भांडं मागितलं होतं, मी ते चिंचेनं घासून लख्ख करून दिलं होतं. कसल्या चुळा ते मी विचारलं नव्हतं.

तेजलनं पांढरी वाईन ओतली. गुप्तेसाहेबांनी पेला उचलला, नाकाशी नेला आणि थांबले. पेला खाली ठेवला. मग नुसताच हात नाकाशी नेला.

"केवडा," ते म्हणाले.

लोबोबाईंनी आपल्या पेल्यात नाक घातलं, बाहेर काढलं. "हो. फक्त केवडा."

"उंची आहे हो, साहेब!" वत्सला दारातून कौतुकानं म्हणाली. "खास नाशिकहून आणवलंय!"

कुणी हसलं नाही. तेजलचा चेहरा चादरीसारखा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्या लोकांचं सगळं काम नाकावर चालतं, जीभ नंतर येते. आणि ती दोन नाकं मी सकाळी सकाळी केवड्यात बुडवून ठेवली होती.

साहेब भला माणूस. "धुऊन येतो, काही बिघडत नाही," म्हणत न्हाणीत गेले. तिथं मीच पाहुण्यांसाठी चंदनाची नवी वडी ठेवली होती. बाहेर आले, हात हुंगला आणि म्हणाले, "आता केवड्यावर चंदन बसलं."

संपत लिंबू घेऊन धावला. लिंबू चोळून झालं. "आता सरबत," लोबोबाई म्हणाल्या. रबरी हातमोज्यांचं कुणीतरी काढलं, तर रबराचा वास अजून वाईट निघाला. हसतहसत चाललं होतं सगळं, पण त्या हसण्यात जीव नव्हता. शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं.

"मॅडम, आम्हाला आजच सांगलीची वाट धरायची आहे. परत येणं ह्या हंगामात तरी जमणार नाही. आणि असं अर्धवट तपासून मत दिलं तर तो तुमच्यावर अन्याय होईल."

"एक चक्कर मारून या बागेत," तेजल म्हणाली. आवाज अगदी शांत. "नाक तरी मोकळं होईल. तोवर मी बघते काय करता येतं ते."

त्यांनी कोट आणि ओढणी खुर्चीवर टाकली आणि संपतबरोबर बागेत गेले. तेजल शेडच्या पायरीवर बसली. मी ओट्यावरून उतरले आणि तिच्यापुढं जाऊन उभी राहिले.

तिनं मान वर केली. "आई, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

अंगात आग भडकली माझ्या. "मुद्दाम? मुद्दाम करायचं असतं तर नाशिकचं अत्तर कशाला आणलं असतं? फोडणीत लसूण घातला असता. घरचाच होता."

तिच्या तोंडावर हसू आलं आणि आलं तसं गेलं. "हो. ते पण खरं." मग खाली बघत म्हणाली, "मी बंगळुरूला कळवते आज. तुमच्यावर राग नाही माझा. सांगायला मीच विसरले."

राग नाही म्हणाली, ते मला जास्त लागलं. ती चिडली असती तर मी पण चिडले असते, दोघींचं वाजलं असतं आणि मोकळं झालं असतं. ही तर आत्ताच परकी झाल्यासारखी बोलत होती.

"हात धुऊन जात नाही तर हात लावूच नका म्हणावं," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी पेला धरायचा त्यांच्या तोंडाशी. लहान मुलांना पाजतो तसा."

"कुणी धरायचा? माझ्या हाताला अत्तर, ह्यांच्या हाताला अत्तर, काकूंचा तर सगळा तळवा माखलाय. गड्यांना पण लावलं. काकूंनी एकाला सोडलं नाही."

"सोडलं," मी म्हटलं. "एकीला सोडलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही.

मालक गेले त्या सालापासून तबक माझ्यापुढं थांबलेलं नाही. हळदीकुंकू असो, बारसं असो, लग्न असो, गुलाबदाणी माझ्यापाशी आली की पुढच्या बाईकडं वळते. मी शिंपडायचं नाही, माझ्यावर शिंपडायचं नाही. म्हणून तर त्या सकाळी माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांचं स्वागत मी ओट्यावरून उभी राहून बघत होते आणि हुकूम तेवढे सोडत होते. वत्सलानं काही वाईट केलं नव्हतं, रीत ती रीत. आणि मी त्यावर इतक्या वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं. मला लागत होतं हे कुणाला कळू देणारी मी नव्हे. मिळत नाही ते मला नकोच आहे, अशा थाटात मी चालत आले.

तेजल उठली. तिनं माझा उजवा हात धरला आणि सरळ नाकाशी नेला. सासूचा हात हुंगणारी सून मी तोवर बघितली नव्हती.

"कशानं धुतलात?"

"चुलीच्या राखेनं. चाळलेल्या. मी साबण लावत नाही, माहीत आहे तुला. आणि आज उपास, सकाळपासून खाण्याच्या कशाला हात लावलेला नाही."

"काहीच वास नाही," ती हळूच म्हणाली. मग एकदम हात सोडला. "पण आई, तुमची माळ... आणि एकादशी..."

"माळ गळ्यात आहे, हातात नाही. पिणार ते आहेत, मी नाही. तू ओत, मी धरते. बाटलीला मात्र मी शिवणार नाही. सगळ्या वस्तीनं ऐकलंय ते."

पाहुणे बागेतून आले. तेजलनं पुढं होऊन त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दोघं निमूट खुर्चीवर बसले, हात पाठीमागं बांधून. शाळेत मास्तरांनी शिक्षा करावी तसे. मी पदर खोचला.

तेजलनं लांबून हात करून ओतलं आणि मागं सरकली. "आई, खाली दांडीला धरा. आणि जरा गोल फिरवा. ताक नाही घुसळायचं. हळू."

"मला नको शिकवू. ह्या हातानं तुझा नवरा वाढवलाय."

मी पेला गुप्तेसाहेबांच्या नाकाखाली धरला. त्यांनी डोळे मिटले. माझा हात त्यांच्या मिशांशी आणि तिकडं दारात वत्सला, तिच्या तोंडाचा आ झालेला.

"अक्का! तुम्ही? बाटलीला हात?"

"डोळ्यांना कधी दाखवणारेस? पेला आहे हा."

साहेबांच्या मिशा थरथरल्या. हसू दाबत होते. "आजी, आता थोडी तोंडात."

"आ करा," मी म्हटलं.

मोठमोठ्या हॉटेलांचा तो साहेब, त्यानं खरंच आ केला. मी जुईला औषध पाजते तेवढी पाजली. त्यांनी ती तोंडात खुळखुळवली, गालात फिरवली आणि वाकून तस्तात थुंकली.

मला राहवलं नाही. "आवडली नाही तर तसं सांगा. थुंकायचं कशाला?"

"आजी, थुंकावीच लागते. दिवसभरात किती ठिकाणी चव घ्यायची असते. सगळीकडं प्यायलो तर संध्याकाळी घर सापडायचं नाही."

"म्हणजे माझ्या सुनेनं वर्षभर राबायचं आणि तुम्ही तस्तात ओतायचं. आणि तस्त पण मीच घासून ठेवायचं."

लोबोबाई इतक्या हसल्या की त्यांना पाजायला मला थांबावं लागलं. पण हसून झाल्यावर दोघांची तोंडं कामाची झाली. पांढरीवर साहेब म्हणाले, "स्वच्छ आहे. पण अजून काही सांगत नाही ही." लोबोबाईंनी मान हलवली. दुसऱ्या पांढरीवर तेवढंही बोलले नाहीत. तेजल खांबाला टेकून उभी होती. तिच्या हातातलं फडकं पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं.

मग तिनं लाल ओतली.

ही लाल आमच्या वरच्या तुकड्यातली, नाल्याकडच्या, जिथं मालकांनी एकेक दगड वेचून बांध घातला होता. मला ते आठवलं. पेला फिरवला. साहेबांच्या नाकाशी धरला. त्यांनी श्वास घेतला. परत घेतला. मला वाटलं, परत केवडा की काय. माझा हात भरून आला होता, पण मी हलवला नाही.

"तोंडात," ते म्हणाले.

पाजली. फिरवली. तस्तात टाकली. मी लोबोबाईंकडं वळले. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटून बसल्या, मग वाकून टाकली आणि साहेबांकडं बघितलं. दोघांचं काहीतरी डोळ्यांनीच झालं.

"आजी, परत एकदा," लोबोबाई म्हणाल्या.

मी परत पेला धरला. ह्या वेळी त्यांनी घोट घेतला, तोंडात ठेवला. तस्ताकडं बघितलं. आणि गिळला.

मी तेजलकडं बघितलं. तिनं पण बघितलं होतं. फडकं तिच्या हातातून खाली पडलं.

साहेबांनीही परत मागितली, त्यांनीही गिळली. मिशा पुसायला हात पाठीमागून काढला, मग आठवण होऊन परत बांधला. "ह्या लालचं जेवढं असेल तेवढं आमच्यासाठी ठेवा," ते म्हणाले. "पांढरीची घाई करू नका. पांढरी पुढच्या वर्षी परत दाखवा. आणि मॅडम," ते तेजलला म्हणाले, पण बघत माझ्याकडं होते, "पुढच्या वर्षी पण ह्याच हातानं."

"पुढच्या वर्षी मी कुणाला पाजत बसणार नाही," मी म्हटलं. "आपापल्या हातानं प्या. अत्तर ठेवत नाही म्हणजे झालं."

उपासाचं फराळाचं त्यांना वाढलं. ते मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं खाल्लं, भगर आणि आमटी, दोनदा मागून. केवड्याच्या वासासकट. गाडी पुलापलीकडं गेली तेव्हा संपत अंगणात उभा राहून नुसता हसत होता. तो बापावर गेलाय, आनंद झाला की त्याला शब्द सापडत नाहीत.

मी पेले गोळा करायला लागले, तर तेजलनं अडवलं. "राहू द्या, आई."

"पुढच्या वर्षी म्हणाले ते," मी तिच्याकडं न बघता म्हटलं. "पुढच्या वर्षी म्हणजे इथंच ना?"

"इथंच."

"मग शेडच्या दाराला तेल घाल. करकरतं. इतक्या लांब ओट्यावर ऐकू येतं."

वत्सला तबक आत न्यायला निघाली होती. तेजलनं तिच्या हातातलं तबक थांबवलं, कुपी उघडली, बोळ्यावर दोन थेंब घेतले आणि माझ्यासमोर आली.

"हात द्या."

"काय करतेस?" मी हात पदराआड घेतला. "अगं, मला नाही लावत."

"काम होतं तोवर वास नको होता. आता काम झालं."

मी वत्सलाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि ती बोलली की मलाही बरंच होईल, कारण मग मला भांडता येईल. वत्सला तबक धरून उभी होती. तिचे ओठ हलले. मग तिनं तबक टेबलावर ठेवलं आणि तेजलला म्हणाली, "असा दाबू नको बोळा. पाठीवर फिरव नुसता. अक्कांची कातडी राखेनं खरखरीत झालीय, लगेच पिते." आणि गुलाबदाणी उचलून, कंजूषपणा न करता, माझ्या डोक्यावर शिंपडली.

थंड पाणी होतं. मी म्हटलं, "पुरे, पुरे, न्हाऊ घालतेस की काय," पण मागं सरकले नाही.

आता शेडच्या जागी मोठी इमारत आहे. लांबलांबची माणसं चव घ्यायला येतात. फाटकावर तेजलनं पाटी लावलीय, अत्तर लावून येऊ नये म्हणून. जुई मला ती वाचून दाखवते आणि हसते. आलेल्यांना माझ्या हातानं पाणी देते मी, नुसतं माठाचं. बाटलीला अजून शिवलेली नाही. शब्द म्हणजे शब्द.

त्या दिवशी दिवेलागणीला पूजेला बसायच्या आधी मी नेहमीसारखी राख घेतली आणि हात चोळले. वास गेला नाही. फार चोळले, असंही नाही.